जत्रेच्या दिवशी बजावलेलं समन्स

२०२३ सालची ही गोष्ट. दोन महापूर येऊन गेले होते, करोनाचं भय ओसरलं होतं, आणि कोल्हापूरच्या आसपासची गुऱ्हाळं एकामागून एक बंद पडत चालली होती. नेमकं त्याच वर्षी आक्कांच्या सुनेनं, संयोगितानं, घरचं बंद गुऱ्हाळ पुन्हा चालू करायचं मनावर घेतलं.

आक्का तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. त्या लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा दसऱ्याला पेटलेलं चुलवण, म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी, होळीपर्यंत विझायचं नाही. गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला रस, बाळंतिणीच्या घरी काकवी, शाळा सुटल्यावर येणाऱ्या पोरांच्या हातावर गरम गुळाचा गोळा. मोकळ्या हातानं कुणी परत गेलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. मालक गेल्यावर चुलवणात उंदरांनी बिळं केली. मुलगा विश्वजित दुधाच्या टँकरवर, त्याचा पाय घरात ठरत नसे. पण संयोगिता हट्टाची. पुण्या-मुंबईची माणसं बिनरसायनाचा गूळ शोधत गावापर्यंत येतात, हे तिनं पाहिलं होतं. चुलवण तिनं लिंपून घेतलं, घाणा दुरुस्त केला. अडलं ते काहिलीपाशी.

काहील म्हणजे रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. चार गडी लागतात उचलायला. ती घरात नव्हती. अठरा साली, घरचं चुलवण बंद असताना, आक्कांचा पाठचा भाऊ बाळासो ती एका हंगामापुरती घेऊन गेला होता. त्याचं गाव भोगावतीच्या काठी, तिथं त्याचंही गुऱ्हाळ होतं. आक्का तेव्हा मालकांना म्हणाल्या होत्या, "एखादी चिठ्ठी तरी करून घ्या." मालक हसले होते. "मेव्हण्याकडनं चिठ्ठी घेत्यात व्हय? काठावर माझं नाव ठोकलंय की."

हंगाम संपला, पूर आला, करोना आला, मालक गेले. काहील काही आली नाही. विश्वजित मागायला गेला तर बाळासो म्हणाला, "भावजींनी मला ती कायमची दिलीया. मेलेल्या माणसाचा शब्द मोडू नगंस." दुसऱ्यांदा गेला तर मामानं चहासुद्धा विचारला नाही.

मग संयोगितानं वकील गाठली. भैरवी नावाची तरुण मुलगी, बोलायला सरळ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दावा लहान आहे. एक वस्तू, एक प्रतिवादी. आजींची साक्ष आहे, काठावर नाव आहे. पण दावा आजींच्या नावानं घालावा लागेल. काहील त्यांच्या मालकांची."

"माझ्या नावानं? सख्ख्या भावावर?" आक्का म्हणाल्या.

"आत्ती, न्हायतर चुलवणात तुळस लावूया," संयोगिता म्हणाली.

आक्कांनी सही केली. सही करताना त्यांच्या मनात आलं की आक्का हे नावसुद्धा त्यांना बाळासोनंच दिलेलं. आई शेतावर, आणि हा दीड वर्षाचा यांच्या कडेवर. बोबडं बोलायला लागला तो 'आक्का' म्हणूनच. मग घर म्हणायला लागलं, मग गाव, आणि सासरीही तेच नाव आलं.

दावा दाखल झाला. त्यांना वाटलं होतं, आता साहेब दोघांना बोलावतील, विचारतील, सांगतील. भैरवीनं समजावलं, "आधी समन्स बजावायला हवं. तुमच्यावर अमुक दावा झालाय, अमुक तारखेला या, हे समोरच्याला रीतसर कळवल्याशिवाय कोर्ट त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकत नाही. उद्या तुमच्यावर कुणी दावा घातला, तर तुम्हालाही ते आवडेल का, की तुम्हाला न कळवता निकाल लागला?"

"आता हे तर बराबर हाय," आक्का म्हणाल्या.

समन्स घेऊन जाणारा बेलीफ म्हणजे जोतीराम. काटकुळा, निवृत्तीला आलेला, जुन्या मोटरसायकलवर फिरणारा. पाठीवरच्या पिशवीत सगळ्या तालुक्याची भांडणं घेऊन हिंडतो, असं तो स्वतःच म्हणायचा. तो जाऊन आला आणि शेरा लिहिला: प्रतिवादी घरी मिळून आला नाही, चंदगडला लेकीकडे गेल्याचे समजले, केव्हा येणार ते सांगता येत नाही.

पुन्हा समन्स निघालं. जोतीराम पुन्हा गेला. या वेळी घराला बाहेरून कुलूप. माणूस मिळत नसेल, घरात घ्यायला दुसरं कुणी जाणतं नसेल, तर समन्स राहत्या घराच्या दर्शनी दारावर चिकटवायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, अशी रीत आहे. पण गावची जत्रा जवळ आलेली. दर्शनी दाराला नुकताच निळा रंग दिला होता, अजून ओला होता. रंगावर कागद चिकटवला तर घरवाले शिव्या देतील, म्हणून जोतीरामनं तो मागच्या बाजूला गोठ्याच्या दारावर चिकटवला. साक्षीदार म्हणून सही करायला गल्लीतलं कुणीही पुढं आलं नाही. त्यानं मोबाइलवर फोटो तेवढा काढला.

तारखेला न्यायाधीशबाईंनी अहवाल वाचला, फोटो पाहिला. फोटोत समन्सापेक्षा म्हैसच जास्त दिसत होती.

"प्रतिवादी गोठ्यात राहतो का?" त्यांनी विचारलं.

जोतीराम पिशवीचा पट्टा सारखा करू लागला.

"साक्षीदार नाहीत. घर कुणी दाखवलं, त्याचं नाव नाही. ही बजावणी मी धरत नाही. वकीलबाई, शेवटची संधी देते. पुढच्या तारखेपर्यंत नीट बजावणी करून घ्या, नाहीतर दावा काढून टाकावा लागेल."

बाहेर व्हरांड्यात आक्का बाकावर बसल्या. जोतीराम जवळ आला. त्याला वाईट वाटत होतं. "मावशी, माझी चूक झाली. पण त्या गावात कुणी तोंडच उघडत न्हाय बघा. पयल्या खेपेला तेवढा एक माणूस चांगला भेटला. सोप्यावर बसवलं, चहा दिला, चिवडा दिला. म्हणाला, मी शेजारचा. बाळासो चंदगडला गेल्यात, काजू घिऊन येतील, तुमास्नी बी ठेवतो म्हणाला पावशेर."

आक्कांनी मान वर केली. "दिसायला कसा हुता?"

"उंच, पांढऱ्या मिशा. उजव्या कानाची पाळी फाटलेली."

आक्का म्हणाल्या, "आवो जोतीराम, त्योच माझा भाऊ! तुमी त्याच्याच हातचा चहा पिऊन त्यो गावात न्हाय म्हणून लिवून आलासा."

तो कान त्यांना चांगला ठाऊक होता. बाळासो चार वर्षांचा असताना त्याच्या कानातली बाळी वासराच्या दोरीत अडकली आणि वासरानं हिसका दिला. रक्तानं अंगडं भिजलं. आई बाजाराला गेलेली. आक्कांनीच हळद दाबून धरली होती, संध्याकाळपर्यंत.

संयोगिता हसायला लागली ती थांबेना. जोतीराम मात्र हसला नाही. "मावशी, चिवडा खाल्ला मी त्याचा," तो म्हणाला. "चांगला हुता."

भैरवी म्हणाली, "म्हणूनच ओळख पटवणारं माणूस बरोबर लागतं. बेलीफ कुणालाही चेहऱ्यानं ओळखत नसतो. हाच तो इसम, असं सांगणारं कुणीतरी हवं, आणि त्याचं नाव अहवालात यायला हवं. कोण जाईल?"

"मी जाते," संयोगिता म्हणाली.

"तू गेलीस तर त्यो म्हणंल, ही कोण मला ठावं न्हाय. आन् गाव त्याच्या बाजूनं हुबं ऱ्हाईल," आक्का म्हणाल्या. विश्वजित टँकर घेऊन मुंबईला गेलेला. उरलं कोण, ते सगळ्यांना कळत होतं.

बाळासो हमखास घरी सापडेल असा एकच दिवस होता, तो म्हणजे जत्रेचा. त्या दिवशी घरातल्या कर्त्या पुरुषाला दार सोडता येत नाही. सकाळपासून मटणाच्या डेगी चढतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्या ओळखी-अनोळखी माणसाला हात धरून जेवायला बसवतात. किती पानं उठली यावर घराची इभ्रत ठरते. दारातनं एकही माणूस उपाशी गेला तर वर्षभर बोल लागतो.

आणि माहेरवाशिणीचा तो दिवस. लग्न झाल्यापासून एकही जत्रा आक्कांनी चुकवली नव्हती, करोनाची दोन वर्षं आणि मालक गेले ते साल सोडलं तर. दरवर्षी बाळासो स्वतः आमंत्रण द्यायला यायचा. पायरीवर बसायचा, पाणी प्यायचा, म्हणायचा, "आक्का, खारीच्या मटणाला लवकर ये, तुझ्याबिगर मसाला कोण बघणार?" यंदा तो आला नव्हता. यायचा तरी कसा?

"बिनबोलावता जाऊ, ते बी बेलीफाला घिऊन?" आक्का रात्री जेवताना म्हणाल्या. "माझं म्हायेर तुटंल, संयोगिता."

संयोगितानं वाद घातला नाही. ताटातली भाकरी मोडत म्हणाली, "नगा जाऊ मग. दावा रद्द हू दे." आणि खरंच गप्प बसली. ती गप्प बसली हेच आक्कांना जड गेलं. या मुलीनं चुलवण स्वतःच्या हातानं लिंपलं होतं, बोटांना भेगा पडेपर्यंत.

जत्रेच्या दिवशी सकाळी आक्कांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

जोतीराम गावाच्या वेशीवर थांबला होता. "मावशी, एक सांगतो. आज कागद दिल्याबिगर त्या घरचं पाणी बी पिणार न्हाय मी. आधी कागद."

वैशाखाचं ऊन, गावभर मसाल्याचा वास, देवळाकडून हलगी. वेशीपासून बाळासोच्या घरापर्यंत जोतीरामला तीन घरांनी हाताला धरून ओढलं. "पावणं, असं कसं जातासा? दोन घास खावा की!" तो बिचारा पिशवी छातीशी धरून "न्हाय, न्हाय, उपास हाय" म्हणत सुटत होता. जत्रेच्या दिवशी उपास म्हटल्यावर लोक त्याच्याकडं वेड्यासारखं बघत होते.

बाळासोच्या दारात मांडव होता. निळं दार उघडं होतं. पंगत बसली होती, आणि स्वतः बाळासो खांद्यावर टॉवेल टाकून रस्सा वाढायला सांगत होता. आक्का मांडवाबाहेरच रिक्षात थांबल्या. जोतीराम पुढं गेला.

बाळासोनं त्याला ओळखलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "या पावणं! बसा, बसा. आरं, पावण्यास्नी ताट आणा."

"बाळासो आहेत का?"

"बाळासो व्हय? त्ये चंदगडला…"

"जत्रंच्या दिवशी?" जोतीराम म्हणाला.

पंगतीत कुणीतरी खोकलं. बाळासो हसला. "कामच निघालं तसं. तुमी जेवा, सांजंपातूर येतील." गावातले चारपाच जण मान खाली घालून रश्श्यात भाकरी कुस्करत होते. खोटं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, पण पाव्हण्यापुढं गावच्या माणसाला कोण उघडं पाडणार?

आक्का रिक्षातून उतरल्या. गुडघे धरून एकेक पाऊल टाकत मांडवात आल्या. बाळासोच्या खांद्यावरचा टॉवेल खाली घसरला.

"मावशी," जोतीराम सरकारी आवाजात म्हणाला, "हे समोर उभे आहेत, हे कोण?"

आक्कांनी रिक्षात पाच वेळा घोकलेलं वाक्य होतं. संपूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. भैरवीनं तसंच सांगायला सांगितलं होतं. पण तोंडातून आलं ते एवढंच, "ह्यो माझा पाठचा भाऊ. बाळासो."

जोतीराम बाळासोकडं वळला. "या बाई तुमच्या कोण?"

पंगतीतल्या माना वर झाल्या. 'मी ह्या बाईला वळखत न्हाय' एवढं म्हणायचा अवकाश, की गावातलं कुणी मध्ये पडलं नसतं. कागद पुन्हा परत गेला असता, दावा रद्द झाला असता, आणि काहील कायमची बुडाली असती. आक्कांना ते कळत होतं. बाळासोलाही कळत होतं. तो त्यांच्याकडं बघत होता, आणि त्यांनी त्याच्या नजरेतून नजर काढली नाही.

तेवढ्यात घरातून बाळाबाई, बाळासोची बायको, बाहेर आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. ती सरळ आक्कांपुढं गेली, तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. "या वन्सं," म्हणाली. "उनात का हुब्या?"

बाळासोनं बायकोकडं पाहिलं, ओल्या झालेल्या पायांकडं पाहिलं.

"भन हाय की माझी," तो मोठ्यानं म्हणाला. "थोरली भन. काय इचारतासा?"

"म्हणजे तुम्ही बाळासो."

"तर काय! सगळ्या गावाला म्हाईत हाय. आना हिकडं काय आनलंया ते."

जोतीरामनं दाव्याची नक्कल आणि समन्स त्याच्या हातात दिलं, दुसऱ्या प्रतीवर सही घेतली, आक्कांचं नाव ओळख पटवणारी म्हणून लिहिलं, त्यांची सही घेतली. पंगतीतल्या दोघांनी या वेळी न सांगता साक्षीदार म्हणून सह्या केल्या. एकाच्या बोटाचा रश्श्याचा डाग कागदावर पडला तो पडलाच.

"झालं का तुमचं?" बाळासो म्हणाला. "मग आता जेवणार का त्याला बी कोर्टाचा कागद लागतोय?"

मांडव फुटला हसून. जोतीरामनं पिशवीची चेन ओढली, ती रिक्षात नेऊन ठेवली, हात धुतले आणि पंगतीला बसला.

बाळासो आक्कांशी एक शब्द बोलला नाही. टॉवेल खांद्यावर टाकून वाढप्यांकडं गेला.

बाळाबाईनं आक्कांना स्वयंपाकघरात नेलं. ओटी भरली. खण पूर्वीच आणून ठेवलेला होता, हे आक्कांच्या लक्षात आलं. त्यांनी डेगीतला रस्सा पळीवर घेऊन चाखला, "मीठ कमी हाय" म्हणाल्या, आणि सवयीनं बाळाबाईनं मिठाचा डबा पुढं केला. मग हात धुवायला आक्का परसात गेल्या.

गोठ्याच्या दारावर शेणानं सारवलेलं होतं. एका कोपऱ्यात समन्साचं टोक अजून डोकावत होतं. आणि गोठ्यापुढं, दोन दगडांवर टेकवलेली, काहील. त्यात पाणी होतं, कडेनं शेवाळ. दोन म्हशी तिच्यात तोंड घालून पीत होत्या. काठावर मालकांचं नाव गंजात अर्धं बुडालेलं.

बाळाबाई मागं येऊन उभी राहिली.

"एकोणीसच्या पुरात भिंत पडली तिच्यावर," ती म्हणाली. "पेंदा फुटला. शिमीट लावलंय आतनं, पाणी थांबण्यापुरतं. भावजींची वस्तू मोडली, ते सांगायला तोंड न्हवतं त्येंच्याकडं. मग भावजी गेलं. मग म्हणाय लागलं, मलाच दिलीया. आता म्हणून म्हणून त्येंचं त्येंनाच खरं वाटाय लागलंय."

आक्का काहिलीजवळ गेल्या. म्हशीनं मान वर काढली. त्यांनी काठावरच्या नावावरून बोट फिरवलं, लुगड्याच्या पदराला पुसलं.

"सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या आणि आत जाऊन जेवायला बसल्या.

पुढच्या तारखेला अहवाल वाचून न्यायाधीशबाईंनी रश्श्याच्या डागाकडं बोट केलं. "हे काय?" जोतीराम म्हणाला, "जत्रा होती, बाई." त्यांनी बजावणी मान्य केली.

बाळासो हजर राहिला, नवा कोट घालून. त्याच्या वकिलानं मुदत मागितली, बाळासोनंच ती नको म्हटलं. प्रकरण लोकअदालतीत गेलं. ठरलं ते असं, की त्यानं काहील कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात नेऊन नवा पेंदा बसवून परत द्यायची. गणपतीच्या आधी ती ट्रॅक्टरनं आली. बरोबर बाळासो नव्हता, ट्रॅक्टरवाल्यालाच पाठवलं होतं.

दसऱ्यानंतर चुलवण पेटलं. रसाचं पहिलं आधण बिघडलं, गूळ धरेना. दुसरंही तसंच. गुळव्या, म्हणजे आटलेल्या रसाचा नेमका क्षण ओळखणारा माणूस, आता सहजी मिळत नाही. पंचक्रोशीत त्या कामात बाळासोचा हात धरणारा कुणी नव्हता. आक्कांनी त्याला फोन केला नाही. बाळाबाईला केला. तिसऱ्या दिवशी बाळासो येऊन काहिलीपाशी उभा राहिला, आणि कुणाशी न बोलता फावडं हातात घेतलं.

आज संयोगिताचं गुऱ्हाळ चालू आहे. पुण्याला तिचा गूळ जातो. विश्वजितनं टँकर सोडला आणि बायकोच्या हाताखाली काम करतो. बायको हुकूम चालवते अशी तक्रार करतो, पण ढेपा मोजताना खूश असतो. भैरवी आता मोठ्या दाव्यांत असते, तिच्या ऑफिसात ओळख पटवणारं माणूस ठरल्याशिवाय समन्स निघत नाही. जोतीराम निवृत्त झाला. दर जत्रेला बाळासोच्या पंगतीला येतो आणि बसायच्या आधी विचारतो, "बाळासो हाईत का घरात?" बाळाबाईचे गुडघे आक्कांपेक्षा वाईट झाले, तरी आक्कांच्या पायावर पाणी ती स्वतःच घालते.

बाळासो हंगामात रोज गुऱ्हाळावर येतो. काहिलीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, चुकलो असंही कधी म्हणाला नाही. आक्कांनीही ते मागितलं नाही. पुढच्या वर्षी जत्रेचं आमंत्रण द्यायला तो आला, तेव्हा दारातच उभा राहून म्हणाला, "यंदा तेवढं बेलीफाला आणू नगंस."

"त्ये तुझ्यावर हाय," आक्का म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.